चारशे सतराच्या लेबलाखाली

गप्प बसण्यात नमुनाबाईंचा फायदा किती होता, ते आधी मांडून घेऊ. म्हणजे पुढे त्यांनी जे केलं ते मोजायला सोपं जाईल. निवृत्तीला सात आठवडे उरले होते. एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही नमुन्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. प्रयोगशाळा नव्या इमारतीत चालली होती, आणि तिथल्या वाळक्या वनस्पतींच्या खोलीला बाईंचं नाव द्यायचं नव्या साहेबांनी ठरवलं होतं. दाराला पितळी पाटीसाठी चार भोकं पाडूनही झाली होती. शिवाय घरी नवरा होता. त्याने लग्नापासून एकच प्रश्न धरून ठेवला होता, "तुमच्या त्या पाल्यापाचोळ्यातून शेवटी निघालं काय?" त्याला हाताला धरून त्या दारासमोर उभं करता आलं असतं. म्हणजे एक पाटी, एक डाग नसलेली नोकरी आणि एक गप्प झालेला नवरा. एका माणसाने याहून जास्त काय मागावं?

आणि एवढं मिळवायला करायचं काय होतं? काही नाही. एका जुन्या चिकटवलेल्या कागदाला हात लावायचा नव्हता, बस्स.

आता 'नमुनाबाई' हे नाव. बाई रानातून झाडांचे नमुने आणत, म्हणून ते पडलं असं समोर सांगितलं जाई. पाठीमागे कशासाठी म्हणत तेही बाईंना ठाऊक होतं. कात्री स्पिरिटने पुसल्याशिवाय त्या फांदीला लावत नसत. पानावर किडा दिसला तर पान बाद, डाग दिसला तर फांदी बाद, आणि झाडच जरा वेडंवाकडं असलं तर बाई त्याच्याकडे अशा बघत, की झाडालाच शरम वाटावी. शुद्ध नमुना म्हणजे नमुनाबाईंचा नमुना, हे सगळ्यांना मान्य होतं.

त्या प्रयोगशाळेचं काम सांगायला सोपं होतं. करायला मात्र जन्म पुरू नये असं. रानातून पाला, साल, मुळं आणायची, वाळवायची, कुटून अल्कोहोलात भिजत घालायची. अल्कोहोल उडालं की तळाला डांबरासारखा जो चिकटा राहतो तो अर्क. तो बाटलीत भरायचा, बाटलीला नंबर द्यायचा, आणि मग विषाणूसमोर नेऊन उभा करायचा: बघ बाबा, तुला याची भीती वाटते का? बहुतेकांची वाटत नसे. काही अर्क विषाणूला मारत, पण बरोबर ज्या पेशींना वाचवायचं त्यांनाही मारत. म्हणजे रोग्यासकट रोग बरा. अशा दोन हजारांवर बाटल्या थंड कपाटांत पडून होत्या आणि त्यांतून एकही औषध निघालेलं नव्हतं. पण नाही निघालं म्हणून कुणी रडत बसत नसे. शोधणाऱ्यांना नकाराची सवय असते, स्थळं बघणाऱ्यांसारखी.

फक्त एका बाटलीने सगळ्यांना रडवलं होतं. चारशे सतरा नंबर. एकतीस वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांच्या काळात या अर्काने तापाच्या एका हट्टी विषाणूला असं थोपवलं होतं, की साहेब खुर्चीवरून उठून जिन्यापर्यंत शीळ घालत गेले. एका मोठ्या सभेत त्यांनी ते छाती पुढे काढून सांगितलं. लोक म्हणाले, पुन्हा करून दाखवा. त्याच झाडाचा पाला पुन्हा आणला, अर्क काढला, काही नाही. पाच वेळा आणला. पाचही वेळा पाणी टाकल्यासारखं. पुढच्या सभेत साहेब उभे राहिले तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं, आणि हसणं शिंकेसारखं असतं; एकाला आलं की चौघांना येतं. त्यानंतर साहेबांची शीळ कुणी ऐकली नाही. त्यांचा फोटो आता भिंतीवर आहे, त्यातही ओठ मिटलेले आहेत.

प्रयोगशाळेत मात्र तो नंबर म्हणीत जाऊन बसला. एकदा चालून पुन्हा न चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीला लोक म्हणत, "चारशे सतरा झालं." लिफ्टचं झालं, झेरॉक्सचं झालं, हिशेबखात्यातल्या एकाच्या लग्नाचंही झालं.

इमारत बदलायची तर जुन्या बाटल्या फेकायच्या, असं ठरलं. विषाणूवाली आडवी आली. ही बाई चाळिशीकडे झुकलेली, एका मुलीची आई, कपाळावर कायम चष्मा चढवलेला आणि तो शोधत फिरणारी. विषाणूंच्या खोलीत तिचं राज्य होतं. ती म्हणाली, "टाका, पण मी एकदा सगळ्या बाटल्यांना विचारून बघते. घर सोडताना आपण कपाटाच्या तळाशी हात फिरवतोच ना?"

एका सोमवारी दुपारी तिने बाईंना वर बोलावलं.

"बाई, बसा आधी."

"मी उभीच बरी. कपाटं रिकामी करायचीत."

"बसा म्हणते ना! उभं राहून बघायची गोष्ट नाही ही."

टेबलावर प्लास्टिकची एक ताटली होती, चोवीस खळग्यांची. प्रत्येक खळग्याच्या तळाशी जिवंत पेशींचा पातळ थर देतात, वर विषाणू सोडतात, तीन दिवसांनी जांभळा रंग ओततात. जगलेल्या पेशी जांभळ्या होतात. विषाणूने जिथे खाल्लं तिथे पांढरी भोकं पडतात. वाळवीने खाल्लेल्या कागदासारखं दिसतं. बाईंनी अशा हजारो ताटल्या पाहिल्या होत्या. या ताटलीत सगळीकडे भोकंच भोकं होती, फक्त एका ओळीतले चार खळगे नखशिखांत जांभळे होते.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"चारशे सतरा. पहिली बाटली. तळाला टाचणीच्या डोक्याएवढं उरलं होतं."

"आणि मी आणलेल्या?"

"त्या बघा ना खाली. दोनपासून सहापर्यंत. चाळणी!"

बाई बसल्या.

"म्हणजे मोठे साहेब खोटं बोलत नव्हते," विषाणूवाली म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता. "बाई, पहिल्या पोत्यात असं काहीतरी होतं, जे पुढच्या पाचांत नव्हतं. पहिलं पोतं कुणी आणलं होतं?"

"मामांनी."

"कुणाच्या मामांनी?"

"माझ्या."

एवढं बोलून बाई खाली आल्या आणि वाळक्या वनस्पतींच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

त्या खोलीला एक वास होता. वाळकं गवत, डिंक, जुना कागद आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या यांचा मिळून झालेला. बाईंना तो वास नवव्या वर्षापासून माहीत होता. तेव्हा मामा त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून इथे आणत. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. सार्वजनिक बागेत माळी होते. मोठ्या साहेबांनी तिथूनच त्यांना उचललं. शिक्षण जेमतेम, पण झाड ओळखायला त्यांना डोळेसुद्धा लागत नसत. "पान आधी बोटाला विचार, मग नाकाला, मग डोळ्याला," ते भाचीला सांगत. "डोळा फार बडबड्या असतो, दुसऱ्याला बोलू देत नाही." आणि कुठलंही अनोळखी पान जिभेवर ठेवून थुंकत. मामी म्हणायची, एक दिवस हा माणूस असाच जाणार. मामी गेली, मामा अजून थुंकताहेत.

गच्चीवर पत्र्याची खोली होती, तिथे पाला वाळत घालत. शाळा सुटली की छोट्या भाचीचं काम ठरलेलं: वर्तमानपत्रं उलगडायची, पानं पसरायची, वर पुन्हा वर्तमानपत्र, वर विटा. पत्रा तापला की सगळी खोली रानासारखी दरवळायची. मामा दोरीवर फांद्या टांगता टांगता प्रत्येक झाडाची चुगली करत. हे झाड मत्सरी, शेजारी कुणाला उगवू देत नाही. हे आळशी, तीन वर्षांतून एकदा फुलतं. या वेलीला काही धरबंधच नाही. बाईंना पुढे पदवी मिळाली तेव्हा पुस्तकात तीच झाडं भेटली, पण पुस्तकातली झाडं फार गंभीर होती. कुणाचीच काही भानगड नव्हती.

आणि मामांची एक खोड होती. ते झाड कधी स्वच्छ करत नसत. फांदीवर शेवाळ असलं तर शेवाळासकट, मुंग्यांचं घर असलं तर घरासकट. "झाड जसं उभं आहे तसं आणायचं. त्याच्या घरी पाहुणे कोण असावेत ते आपण कोण ठरवणार?" असं म्हणायचे. साहेबांना ते चालायचं, कारण मामा सगळं चिठ्ठीवर लिहीत. प्रत्येक नमुन्याची एक फांदी जाड कागदावर दोऱ्याने शिवून ठेवायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची, हा नियम होता. मामा पेन्सिलनेच लिहीत. शाई पाण्याला भिते, पेन्सिल भीत नाही, हे त्यांचं शास्त्र.

चारशे सतराचा गाजावाजा झाला तेव्हा मामा पाय मोडून घरी पडले होते, झाडावरूनच पडून. म्हणून दुसरं पोतं आणायला नुकती पदवी घेतलेली, नुकतीच कामाला लागलेली भाची निघाली. निघताना मामा खाटेवरून म्हणाले, "खाणीच्या रस्त्याला, पाण्याच्या टाकीमागे. जसं उभं आहे तसं आण हं." भाचीने मान डोलावली, आणि झाडापाशी पोचल्यावर तिला आपली पदवी आठवली. झाडावर बांडगूळ माजलं होतं, फांदीफांदीवर त्याचे जाड पानांचे झुबके. तिने अर्धा दिवस खपून एक एक झुबका कापून फेकला. पोतं असं स्वच्छ, की त्यात जेवावं. पाच वेळा, दर वेळी नव्या फांद्यांवर, हेच केलं.

मग साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. "तुझ्या पोत्यांत काही नाही. मग मामांच्या पोत्यात काय होतं?"

चोविसाव्या वर्षी माणूस खरं बोलतो, पण अर्धंच बोलतो. उरलेलं अर्धं त्याला दिसतच नाही. ती म्हणाली, "मामांचे नमुने स्वच्छ नसतात, सर."

तेवढंच. बांडगूळ तिने म्हटलं नाही, कारण तिच्या लेखी बांडगूळ, धूळ आणि कोळिष्टकं एकाच जातीची. साहेबांनी वहीत लिहिलं: भेसळ. पाय बरा झाल्यावर मामांना कुणी बोलावलं नाही, आणि त्यांची जागा भाचीला मिळाली. पुढच्या वर्षी तपासणीसाठी वरून माणसं येणार होती. साहेबांनी फर्मान काढलं, चिठ्ठ्या सगळ्या टाइप करून एकसारख्या लावा. जुन्या चिठ्ठीशेजारी नवी लावायची, जुनी कधी झाकायची नाही, हा त्या धंद्यातला पहिला धडा. पण मामांची वेडीवाकडी पेन्सिल आणि तिची टाइप केलेली लेबलं शेजारी-शेजारी फार वाईट दिसत. तिने चारशेवर चिठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या, झाकल्या. टाइप करताना वाचल्या होत्याच. झाड, जागा, तारीख. फॉर्मात तीनच रकाने होते. त्यांत जे बसलं नाही ते राहिलं.

बाईंनी चारशे सतराचा कागद बाहेर काढला. लेबल बघितलं. एक कोपरा सोडला तर घट्ट. मग त्यांनी चहाची किटली लावली.

वाफेवर कागद धरून लेबल सोडवणं हे चिकाटीचं काम. घाई केली तर खालचा कागदही सोलून येतो. बाईंचे हात मुरलेले, पण पाऊण तास लागला. मधे नव्या साहेबांचा शिपाई दारावर टकटक करून "पाटीचा नमुना आलाय, अक्षरं बघून घ्या म्हणतात" असं सांगून गेला. बाई "हो हो" म्हणाल्या आणि पातळ सुरी लेबलाखाली सरकवत राहिल्या. शेवटी ते सुटलं आणि खाली पेन्सिल जशीच्या तशी होती.

"खाणीकडचं झाड. सोबत बांडगूळ, निम्म्याहून जास्त. दोन्ही एकत्र वाळवलं. बांडगुळाचं पान जिभेला फार कडू, बराच वेळ जात नाही. वेगळं करून बघावं."

वेगळं करून बघावं. बाईंनी ते तीनदा वाचलं. किटली केव्हाची उकळत होती. सगळी खोली दमट होऊन पुन्हा त्या पत्र्याच्या खोलीसारखी दरवळली. बाईंना क्षणभर वाटलं, आत्ता मामा वरून हाक मारतील, "चिमणे, विटा आण." पण कुणी मारली नाही.

मामा आता शहाऐंशीचे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला, मुलीकडे राहतात. दिसत नाही फारसं. खिडकीत कुंड्या ठेवल्या आहेत, त्या बोटांनी वाचतात. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. मामेबहिणीने दार उघडलं.

"ताई, आज कामाच्या दिवशी? साहेबांनी हाकललं की काय?"

"सात आठवड्यांनी हाकलणारच आहेत. मामा उठलेत?"

"उठलेत, पेपर ऐकून झाला, सगळ्या जगाला शिव्या घालून झाल्या. आता तुझीच वाट बघत असतील."

मामा खुर्चीत होते. बाईंनी पिशवीतून तो कागद काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांची बोटं फांदीवरून, दोऱ्याच्या टाक्यांवरून फिरत कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर आली आणि थांबली.

"ही तर माझी चिठ्ठी. वर तुझं काहीतरी लावलं होतंस ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मला बोलवत नव्हते, पण शिपाई माझा दोस्त होता. म्हणाला, भाचीबाईंनी तुम्हाला पांढरं पांघरूण घातलं."

बाईंनी सगळं सांगितलं. ताटली, चार जांभळे खळगे, बाकीची चाळणी. मामा ऐकत होते. मधेच म्हणाले, "सगळे चारही?" "चारही." "हं." आणि त्यांचे ओठ जरासे गोल झाले, पण शीळ आली नाही, दात नव्हते.

"मामा, मी साहेबांना बांडगुळाचं सांगितलं नाही. कचरा म्हटलं."

"माहितीये."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत? एकदा येऊन बोलला असतात तर—"

"लिहून दिलं होतं की! लिहायचं काम माझं. वाचायचं तुमचं. शिकलेली माणसं तुम्ही." मामांचा आवाज चढला, मग उतरला. "शिवाय पहिल्याच नोकरीत तुला खोटी पाडायची? तुझ्या आईने घरात घेतलं असतं मला?"

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी..."

"छे! एवढा साधू नाही मी. भयंकर रागावलो होतो. दोन वर्षं तुमच्या दारात आलो नाही, आठवतं? तुझ्या लग्नात आलो तो निव्वळ जेवायला, आणि जेवलो ते तुझ्या बापाला महागात पडेल असं."

मामेबहीण आतून म्हणाली, "बाबा, तेव्हा तुम्हाला तीन दिवस बरं नव्हतं!"

"ते त्या रागाने," मामा म्हणाले.

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मामांना ते दिसलं नाही, किंवा त्यांनी दिसू दिलं नाही.

"आता काय करणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल ते."

"मी नाही सांगणार. तुझं लेबल, तू सोडवलंस. पुढचंही तूच बघ. फक्त ते झाड आहे का अजून, ते बघून ये. आणि जाशील तेव्हा कात्रीला स्पिरिट लावू नकोस गं बाई. झाडाला काय इंजेक्शन द्यायचंय?"

त्याच दुपारी बाई नव्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. नवे साहेब वाईट माणूस नव्हे, फक्त गुळगुळीत. कुठल्याही वाक्याचे कोपरे घासून देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चारशे सतरा खरं निघालं म्हटल्यावर ते टुणकन उठले. लेबलाचं ऐकल्यावर हळूच बसले.

"बाई, हे छान झालं. फारच छान. आता शोधनिबंधात असं लिहू: मूळ संकलनाची नोंद त्या वेळी उपलब्ध नव्हती. झालं. कुणाला काही विचारायचं कारण नाही."

"पण होती उपलब्ध."

"होती हो, पण... म्हणजे दिसत नव्हती."

"मी झाकली म्हणून."

"बाई, एकतीस वर्षं! साहेब नाहीत आज. पाटी उद्या बसतेय. आणि मामांना आता त्याचं काय?"

हाच तो क्षण, वाचकांनी नोंद करून ठेवावी. इथे त्या 'बरं' म्हणाल्या असत्या तर पाटी, नोकरी आणि नवरा, तिन्ही पदरात होती. कुणाचंही प्रत्यक्ष नुकसान नव्हतं. शहाऐंशी वर्षांच्या आंधळ्या माणसाला निबंध कोण वाचून दाखवणार होतं?

"वाक्य मी लिहीन," बाई म्हणाल्या. टेबलावरचा कागद ओढून त्यांनी लिहिलं, तेही पेन्सिलने: 'मूळ नोंद उपलब्ध होती, नंतरच्या संकलकाच्या लेबलाखाली. दोन्ही वनस्पती वेगळ्या करून तपासाव्यात अशी सूचना मूळ संकलकाने तेव्हाच लिहून ठेवली होती. नंतरच्या पाच संकलनांत बांडगूळ काढून टाकण्यात आलं.' खाली आपली सही केली. "आणि पाटीवर मामांचं नाव घाला."

साहेबांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. जणू मागे काही सोपं लिहिलेलं असेल.

"ते नाही जमणार, बाई. खोलीला नाव द्यायला कायम नोकरी लागते, वीस वर्षांची. मामा तर हंगामी होते. नियम आहे."

"मग माझंही नको."

"भोकं पाडलीत हो दाराला!"

"राहू द्या. हवा खेळेल."

खाणीच्या रस्त्याला विषाणूवाली आपली गाडी घेऊन आली. पाण्याची टाकी रंगवलेली होती, रस्ता रुंद झाला होता, पण झाड होतं. एक बाजू वाळलेली, दुसरी तगून. आणि बांडगूळ असं माजलेलं, की झाड कुठलं आणि पाहुणा कुठला ते लांबून कळू नये. बाई बराच वेळ खाली उभ्या राहिल्या. इथेच त्यांनी पाच वेळा घाम गाळून औषध कापून फेकलं होतं. आणि दर वेळी स्वतःवर खूश होऊन परतल्या होत्या. एक फुलटोच्या पक्षी येऊन बांडगुळाचं फळ खाऊन चोचीला चिकटलेलं बी फांदीला पुसून गेला. एकतीस वर्षांत त्याच्या घराण्याने मात्र काम सोडलं नव्हतं.

"बाई, कात्री पुसू का?" विषाणूवालीने बॅगेतून स्पिरिट काढत विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. त्यांनी बांडगुळाचं एक पान तोडलं, आधी बोटात चुरगाळलं, मग नाकाशी नेलं, मग जिभेवर ठेवलं आणि थुंकल्या. संध्याकाळपर्यंत तोंड कडू होतं.

दोन पोती भरली, एकात नुसतं झाड, एकात नुसतं बांडगूळ. तीन आठवड्यांनी ताटली आली. झाडाच्या ओळीत चाळणी, बांडगुळाच्या ओळीत जांभळं. विषाणूवालीने पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा शेजारच्या गावच्या प्रयोगशाळेकडून करून घेतलं, तिथेही तेच. अर्कातला नेमका कुठला पदार्थ हे करतो ते वेगळं काढायचं काम आता सुरू आहे. त्याचं औषध होईल का? होईलही. अशी शंभर निघतात, नव्याण्णव वाटेत बसतात. पण निबंधात संकलक म्हणून पहिलं नाव मामांचं आहे, आणि बाईंचं ते वाक्य साहेबांनी दोनदा घासूनही जसंच्या तसं आहे, कारण विषाणूवालीने पुसू दिलं नाही.

निरोपाच्या दिवशी बाईंनी निबंध नेऊन मामांना वाचून दाखवला. मामा शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"'वेगळं करून बघावं' हे माझ्याच शब्दांत घातलंस?"

"तुमच्याच."

"हं. आणि कडू होतं ते?"

"ते कापलं मामा. शास्त्रात चालत नाही म्हणे."

"बघ!" मामा म्हणाले. "मुद्द्याचं तेच होतं."

निघताना त्यांनी एक मागणी केली. बांडगुळाची एक फांदी आणून दे, कुंडीत लावतो. बाईंनी सांगितलं, मामा, ते कुंडीत लागत नाही, त्याला दुसऱ्याची फांदी लागते. "मला शिकवतेस?" मामा म्हणाले. "खिडकीतल्या त्या लिंबावर बी चिकटवीन. लिंबू फार दिवस एकटं आहे."

आता शेवटची बेरीज, कुणी किती किंमत भरली त्याची. मोठ्या साहेबांनी भरल्या सभेचं हसू भरलं. परत घ्यायला ते उरले नाहीत. नव्या साहेबांनी अर्धा दिवस चेहरा पाडला आणि संध्याकाळी उचलून घेतला. नवऱ्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तो आता दुसरा प्रश्न शोधतो आहे. ज्या बांडगुळाला सगळं जग फुकट्या म्हणतं, त्याने पोतंभर पानं रोख मोजली. बाईंनी एक पाटी भरली. दाराची चार भोकं अजून तशीच आहेत. आणि मामांनी आपली एकतीस वर्षं भरली. ती त्यांना परत द्यायला बाईंनी सगळे फॉर्म चाळून पाहिले. झाड, जागा, तारीख. तेवढा रकाना कुठेच नाही.